'२ टीबी'चा पेनड्राइव्ह

लिनक्सवरचे वीसेक व्हिडिओ विंडोजच्या मशीनवर न्यायचे होते. एकेक ८-९ जीबीचा. म्हणून ऑनलाइन '२ टीबी'चा पेनड्राइव्ह मागवला. भाव इतका कमी की तिथेच पाल चुकचुकायला हवी होती, पण रिव्ह्यू झकास होते. ते कसे मिळतात हे आता कळतं. लोक ड्राइव्ह लावतात, स्क्रीनवर २ टीबी दिसतं, पाच तारे देऊन मोकळे होतात. पूर्ण भरून कोण बघतो?

पहिलीच फाइल अडली. ड्राइव्ह 'फॅट३२' या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही. मोठ्या फाइली घेणाऱ्या 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट केला, मग सगळं बिनतक्रार कॉपी झालं. मी लगेच जुनी डिस्क पुसून टाकली. हा गाढवपणा माझाच.

विंडोजवर सगळी नावं दिसली, साइजही बरोबर. चालले मात्र पहिले तीनच. दोन दिवस मी एक्सफॅटला आणि प्लेअरला शिव्या घातल्या. विक्रेत्यानेही तेच सांगितलं: "ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की असं होतं, पुन्हा फॉरमॅट करा." असल्या चोरांना ही आयती सबब मिळते. तोवर रिटर्नची मुदत उलटली आणि त्याची उत्तरं थांबली.

चालणारे तीन काढून घेतले आणि 'एफ३' हे फुकटचं टूल चालवलं. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. रात्रभर चाललं. खरी जागा निघाली जेमतेम २९ जीबी.

आतली चिप छोटी, पण ती चालवणाऱ्या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, खोटा आकडा भरलेला. जागा संपली तरी तो 'लिहिलं' म्हणत राहतो आणि डेटा फेकून देतो. काही ड्राइव्ह तर जुन्यावरच गिरवतात. फाइलींच्या नावांची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीला असते, म्हणून नावं शाबूत राहतात.

नवा ड्राइव्ह आला की त्याच दिवशी पूर्ण भरून तपासा; विंडोजवर त्यासाठी 'एच२टेस्टडब्ल्यू' आहे. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवा, लिनक्सवर 'एसएचए२५६सम' या कमांडने, विंडोजवर 'सर्टयुटिल'ने. त्याच मशीनवर तपासणार असाल तर आधी ड्राइव्ह काढून पुन्हा लावा, नाहीतर कॉम्प्युटर मेमरीतलीच प्रत वाचून सगळं ठीक आहे म्हणतो. आणि मूळ फाइल तोवर पुसू नका. माझे सतरा व्हिडिओ गेले ते गेलेच.