शाळेची बस की व्हॅनवाले काका? लहान मुलांच्या पालकांसाठी

मूल चार ते आठ वर्षांचे, शाळा घरापासून पाच-सहा किलोमीटरवर आणि आई-वडील दोघेही नोकरी करणारे, अशा घरात जून जवळ आला की हा प्रश्न उभा राहतोच. पुण्यात आमच्या भागात पर्याय तीन आहेत: शाळेशी करार असलेली बस, खासगी व्हॅन आणि रिक्षा. इतक्या लहान मुलांसाठी रिक्षाचा विचार मी करत नाही. परवाना तीन प्रवाशांचा, बाजू उघडी, दप्तरे बाहेर लटकलेली आणि एखादे मूल चालकाला खेटून अर्ध्या जागेवर बसलेले, हे सकाळी बहुतेक शाळांच्या फाटकासमोर दिसते. रिक्षाकाका कितीही मायाळू असले तरी वळणावर त्या मुलाला सावरायला त्यांचा हात मोकळा नसतो. खरी निवड उरते ती व्हॅन आणि बस यांच्यात. आमच्या मुलीने बालवाडीत व्हॅनने आणि पहिलीपासून बसने प्रवास केला आहे, त्यामुळे पुढचे मत अनुभवातून आलेले आहे. ते प्रत्येक घराला लागू पडेल असा माझा आग्रह नाही.

व्हॅनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती सोसायटीच्या फाटकापर्यंत येते, मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, बूट सापडत नसतील तर काका दोन मिनिटे थांबतात, आणि दुपारी आजी खाली उतरेपर्यंत मुलाला गाडीतून सोडत नाहीत. प्रवासाचा वेळही कमी. आमचे काका मुलांना नावाने ओळखत, कोणाला गाडी लागते हे त्यांना ठाऊक असे, आणि पावसात ते स्वतः छत्री घेऊन उतरत. ही आपुलकी खरी आहे आणि तिचे मोल मी कमी करणार नाही. मात्र गाडीत मुले किती आणि ती कुठे बसतात, हे एकदा स्वतः पाहावे. पुष्कळ व्हॅनमध्ये मागे सीएनजीच्या टाकीवर फळी टाकून तिच्यावर गादीचा तुकडा अंथरलेला असतो, आणि उशिरा चढणारी मुले मागच्या दाराला टेकून तिथे बसतात. आपल्या फाटकापाशी गाडी अर्धी रिकामी असल्याने हे लक्षात येत नाही. त्यासाठी एका सकाळी शाळेपाशी जाऊन गाडी रिकामी होताना पाहावी लागते.

बसचे तोटेही रोज जाणवणारे आहेत. थांबा मुख्य रस्त्यावर असतो, बस कोणासाठी थांबत नाही, मुलाला अर्धा तास आधी उठवावे लागते, आणि मार्ग लांब असल्यामुळे परतताना मूल झोपून जाते. पैसेही जास्त पडतात. महाराष्ट्रात शालेय बसवाहतुकीचे स्वतंत्र नियम २०११ पासून आहेत. त्यांतल्या रंगाच्या आणि वेगनियंत्रकाच्या गोष्टी पालकांना माहीत असतातच. माझ्या दृष्टीने त्यांतल्या दोनच तरतुदी महत्त्वाच्या ठरल्या. पहिली म्हणजे बसमध्ये चालकाखेरीज मदतनीस हवा, आणि मुली असतील तर स्त्री मदतनीस हवी. दुसरी म्हणजे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, जिच्यात पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे निरीक्षक बसतात. ही समिती अनेक ठिकाणी कागदावरच असते असे ऐकतो, तरी तिच्यामुळे पालकाला जाब विचारायला एक दार मिळते.

व्हॅनबाबत जी एक गोष्ट मला शेवटपर्यंत सहन झाली नाही, ती म्हणजे बदली चालक. सकाळी गाडी फाटकाशी यायची आणि चाकामागे काकांऐवजी विशीतला एखादा अनोळखी तरुण बसलेला असायचा. काकांना बरे नाही, काका गावाला गेले आहेत, काकांच्या नात्यात लग्न आहे, यांतले काहीतरी कारण त्याच वेळी कळायचे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, लायसन्स आहे की नाही ते ठाऊक नाही, आणि पुढचे मूल कोणत्या गल्लीतून घ्यायचे हे त्यालाही ठाऊक नसल्याने दुसरीतला एक मुलगा पुढे वाकून त्याला रस्ता दाखवत असे. काकांना फोन केला की उत्तर ठरलेले: ‘घरचाच पोरगा आहे साहेब, काळजी करू नका.’ ते मनापासून सांगत, यात शंका नाही. पण ऑफिसची वेळ झालेली, मूल दप्तर पाठीवर घेऊन तयार, आणि त्या अर्ध्या मिनिटात आपण आपले मूल कोणाच्या हाती देतो आहोत याचा निर्णय घ्यायचा, हे मला प्रत्येक वेळी जाचक वाटले. शाळेत चौकशी केली तेव्हा प्रवेश अर्जातली ओळ दाखवण्यात आली की खासगी वाहतुकीची जबाबदारी सर्वस्वी पालकांची राहील. म्हणजे काकांखेरीज विचारायचे कोणाला, याला उत्तर नव्हते.

बसचे चालकही बदलतात, हे मान्य केलेच पाहिजे. फरक इतकाच की चालक बदलला त्या दिवशीही मदतनीस ताई तीच होती, तिच्या हातात मुलांची यादी होती, आणि चालक नवा असल्याचा संदेश शाळेकडून आदल्या दिवशी आला होता.

बस म्हटली की सुरक्षित, असे मात्र मी कोणाला सांगणार नाही. २०१२ मध्ये चेन्नईजवळ तांबरम येथे शाळेच्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून दुसरीतली मुलगी खाली पडली आणि त्याच बसच्या चाकाखाली गेली. ११ एप्रिल २०२४ रोजी हरियाणात कनीना येथे शाळेची बस उलटून सहा मुले दगावली. त्या दिवशी ईदची सुट्टी असताना शाळा भरवली होती, चालक दारूच्या नशेत होता आणि बसच्या फिटनेसची मुदत कितीतरी आधी संपली होती. वाटेत गावकऱ्यांनी बस अडवून किल्ली काढून घेतली होती आणि शाळेशी बोलणे झाल्यावर ती परत दिली, अशी बातमी तेव्हा आली होती. या प्रकरणात चालकाबरोबर मुख्याध्यापिकेलाही अटक झाली. दुसऱ्या बाजूला, उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे २६ एप्रिल २०१८ रोजी शाळेची व्हॅन विनाफाटक रेल्वे क्रॉसिंगवर गाडीखाली आली आणि १३ मुले गेली. चालकाच्या कानात इयरफोन होते, असे सांगितले गेले. दोन्ही प्रकारच्या वाहनांत मुले मेली आहेत, त्यामुळे वाहनाचा आकार पाहून निवड करणे मला पुरेसे वाटत नाही. चालक चुकत असताना त्याला अडवू शकणारे दुसरे मोठे माणूस गाडीत आहे का, आणि ती गाडी आपली आहे असे मानणारी संस्था मागे उभी आहे का, हे मी पाहतो.

या जबाबदारीचा पैशाशीही संबंध आहे, आणि त्याविषयी पालक बोलायचे टाळतात. पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाडे घेऊन मुले नेत असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी अटींचा भंग दाखवून हात वर करू शकते. अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण कधी कधी कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते, पण तोवर वर्षे जातात. २००४ मध्ये रस्त्यावर गेलेल्या सात वर्षांच्या एका मुलाच्या भरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून २०२१ मध्ये लागला, आणि त्यासाठी मुलाचे काल्पनिक उत्पन्न वर्षाला २५,००० रुपये धरले गेले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी ती दोन वर्षांपर्यंत होती. तरी हे कलम प्रथम चालकापर्यंत पोहोचते. टाकीवर फळी टाकलेल्या गाडीला परवानगी देणारे, दर महिन्याला पैसे भरणारे आणि फाटकासमोरून ती गाडी रोज पाहणारे, या सगळ्यांचा वाटा त्यात मोजला जात नाही. म्हणून मुलाला बसवण्याआधी पिवळी प्लेट, परवाना आणि विम्याची मुदत पाहण्यात संकोच करू नये. चांगले काका त्याने दुखावत नाहीत.

बस घेतली तर एका गोष्टीत पालकाची जबाबदारी वाढते, आणि ती म्हणजे उतरण्याची जागा. बसचे दार डावीकडे उघडते. दुपारचा थांबा घराच्या समोरच्या बाजूला असेल तर मूल बसच्या पुढून रस्ता ओलांडायला धावते, आणि बसच्या नाकाला लागून चालणारे लहान मूल उंचावर बसलेल्या चालकाला दिसत नाही. आमचा थांबा तसाच होता. आता आजी रस्ता ओलांडून दाराच्या बाजूला उभी राहते, ताई आधी उतरते, मुलीचा हात आजीच्या हातात देते, आणि बस निघून गेल्यावरच दोघी रस्ता ओलांडतात. व्हॅनमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेताना मागे कोणी मूल आहे का हे पाहायला दुसरे माणूस नसते.

घरात दुपारी थांब्यावर जाणारे कोणीच नसेल, किंवा शाळेची बस तुमच्या भागात येतच नसेल, तर व्हॅन नाकारा असे मी म्हणणार नाही. जिथे थांब्यावर माणूस उभा राहू शकतो आणि बसमध्ये मदतनीस खरोखर असते, तिथे मात्र लवकर उठण्याचा आणि जास्त पैशांचा त्रास सोसून बस घ्यावी, असे माझे मत झाले आहे. व्हॅनच घ्यायची झाली तर बदली चालकाचे नाव, फोन आणि लायसन्सची प्रत काकांकडून जूनमध्येच मागून घ्यावी, आणि तो येणार असेल तर आदल्या रात्री कळवायचे असे ठरवावे. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या पालकांनी आपसांत वर्गणी काढून व्हॅनमध्ये एका मावशींना मदतनीस म्हणून बसवले आहे. त्यासाठी काकांना एक मूल कमी घ्यावे लागले, आणि त्या जागेचे पैसेही पालकच वाटून भरतात.