प्रेग्नन्सीत दात दाखवायला परळचं क्लिनिक: माझा अनुभव

पाचवा महिना चालू आहे. ब्रश करताना रोज हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून आधी घराजवळच्या एका डेंटिस्टकडे गेले, तर त्यांनी तोंड उघडायलाही न सांगता डिलिव्हरीनंतर या म्हणून परत पाठवलं. माझी गायनॅक म्हणाली अजिबात थांबू नकोस, दाताच्या कामाला हेच मधले महिने सगळ्यात बरे, मग नणंदेने परळच्या या क्लिनिकचा नंबर दिला.

इथल्या मॅडमनी फाईल नीट वाचली, बीपी, शुगर, गोळ्या सगळं विचारलं आणि मग उलट्या आणि लाळेबद्दल विचारलं, जे मला आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं! पहिले तीन महिने तोंडात एवढी लाळ जमायची की लोकलमध्ये हातात रुमाल धरूनच उभी असायचे. त्या म्हणाल्या मळमळीमुळे लाळ गिळवत नाही म्हणून ती साचते, बऱ्याच जणींना होतं आणि बहुतेकींचं तीन-चार महिन्यांनी कमी होतं. पण या काळात लाळ जरा आम्लधर्मी होते, ॲसिड मारायची तिची ताकद कमी पडते, त्यात उलटीतलं ॲसिड आणि वर आपल्या चिंचा-कैऱ्या आणि दिवसभर थोडं थोडं खाणं, मग दात किडणारच ना. उलटी झाली की लगेच ब्रश नाही करायचा, कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची आणि अर्ध्या-एक तासाने ब्रश, हे तर प्रत्येक गरोदर बाईला कुणीतरी सांगायलाच हवं.

रक्ताचं कारण हार्मोन्स. हिरड्या थोड्याशा प्लाकनेही (दातांवर साचणारा चिकट थर) सुजतात आणि 60 ते 75 टक्के गरोदर बायकांना हे होतं म्हणे. सासूबाई सोबत होत्या, त्यांचं ठाम मत की बाळ दातातलं कॅल्शियम ओढून घेतं. मॅडम एकदम प्रेमाने म्हणाल्या, "काकू, दातातलं नाही निघत, खाण्यातून कमी पडलं तर हाडातून जातं, हिला नाचणी, दूध, तीळ द्या." सासूबाईंना ते पटलं, घरी नाचणी आलीसुद्धा.

क्लीनिंग करताना खुर्ची पूर्ण आडवी केली नाही, उजव्या कमरेखाली टॉवेलची घडी ठेवून मला जरा डावीकडे कलतं ठेवलं, कारण सरळ उताणं झोपलं की पोटाचं वजन मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. एक दात किडला होता, त्याचा एक्स-रे शिशाचा एप्रन घालून काढला आणि गायनॅकला फोन करून मगच भूल देऊन फिलिंग केलं. आयब्युप्रोफेन घ्यायची नाही, दुखलंच तर पॅरासिटामॉल आणि तीही गायनॅकला विचारून, असं कागदावर लिहून दिलं. मी व्हाइटनिंगचं विचारलं तर ते बाळंतपणानंतर, आत्ता नको म्हणाल्या, म्हणजे उगाच बिल वाढवायचा प्रकार नाही. खर्च किती तेही आधीच सांगितलं.

आता उणं सांगते. पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि चढाचा, आठव्या-नवव्या महिन्यात मी एकटीने चढणार नाही. संध्याकाळी अपॉइंटमेंट असूनही बराच वेळ बसावं लागलं आणि बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, कंबर दुखून आली. सकाळची वेळ मागून घ्या, फाईल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत न्या आणि फोनवरच सांगा की गरोदर आहे, मग त्या तेवढा वेळ राखून ठेवतात. पाचपैकी साडेचार.