कपाशीची शेतीशाळा : एका ग्रामपंचायत सदस्याचा अभिप्राय

गेल्या खरिपात आमच्या गावात भरलेल्या कपाशीच्या शेतीशाळेच्या बहुतेक वर्गांना मी ग्रामपंचायत सदस्य या नात्याने उपस्थित राहिलो, आणि सभागृहातील भाषणांपेक्षा बांधावरचे हे शिक्षण कितीतरी सरस आहे, असे माझे ठाम मत झाले. कृषी सहायकांनी वीस हिरवी बोंडे तोडून आणली व ती शेतकऱ्यांकडूनच फोडून घेतली. तिसऱ्याच बोंडात गुलाबी अळी वळवळताना दिसली, तेव्हा इतका वेळ मागे उभे असलेले म्हातारे शेतकरीही पुढे सरकले. वीसपैकी दोन बोंडांत अळी आढळली, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तरच फवारणी करावी, हा हिशेब त्या दिवशी सर्वांना पटला.

उणीव नियोजनात आहे. एका कृषी सहायकाकडे अनेक गावे असल्याने दोन वर्ग ऐनवेळी रद्द झाले आणि त्याची सूचना ग्रामपंचायतीला मिळालीच नाही. निंदणी-वेचणी करणाऱ्या महिलांना अळी सर्वांत आधी दिसते, तरीही वर्गाची वेळ त्यांच्या मजुरीच्या वेळेतच ठेवली होती. वर्गांचे वेळापत्रक ग्रामसभेत ठरवावे, अशी मागणी मी लेखी दिली आहे.