बजाजनगरमधले टायपिंगचे दुकान आणि सात ओळींचा राजीनामा

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरमध्ये एका आतल्या रस्त्यावर हे दुकान आहे. पाटीवर नाव नाही. ‘झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म’ एवढेच रंगवलेले आहे आणि परिसरातले कामगार त्याला ‘काकांचे दुकान’ म्हणतात. नोकरी सोडताना आणि सोडल्यानंतरच्या पाच महिन्यांत मी इथे नऊ वेळा गेलो. राजीनाम्यापासून ग्रॅच्युइटीच्या (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेच्या) अर्जापर्यंतचे बहुतेक कागद इथेच तयार झाले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ६ वर्षे ४ महिने मेंटेनन्स विभागात होतो. विजेचे पॅनल, मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे औद्योगिक संगणक, माझ्याकडे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली आणि जुन्या हायड्रॉलिक प्रेसच्या पीएलसीतला प्रोग्रामच पुसला गेला, कारण त्या पिढीच्या पीएलसीमध्ये वीज नसताना प्रोग्राम बॅटरीच्या आधारावर टिकतो आणि ती बॅटरी संपत आलेली होती. बॅटरीची मागणी मी दोनदा लेखी केली होती; ती मंजूर झाली नव्हती. प्रोग्रामची प्रत मात्र मी कोणी न सांगता विभागाच्या संगणकावर काढून ठेवली होती, ती चढवून पहाटे चारच्या आत प्रेस चालू केली. सकाळच्या बैठकीत श्रेय मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाला मिळाले आणि माझ्याकडे बॅटरी वेळेत का बदलली नाही याचा लेखी खुलासा मागितला गेला. सहा वर्षांत असे पुष्कळ प्रसंग गिळले होते. तो खुलासा लिहिताना मात्र नोकरी सोडायचे ठरले.

राजीनाम्याचा मजकूर मी घरी लाँगबुकात लिहून नेला होता. अडीच पाने भरली होती. दुकानाचे मालक, म्हणजे काका, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये अनेक वर्षे काम करून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांची बोली लातूरकडची आहे. टाइप करण्याआधी त्यांनी सगळा मजकूर वाचला, हातातल्या पेन्सिलीने ‘अन्याय’, ‘जाणूनबुजून’ आणि ‘अपमान’ या तीन शब्दांभोवती गोल काढले आणि विचारले, “हे सायबाला सुनवायला लिहायलाव, का फाइलीत ठेवायला लिहायलाव?” मी म्हणालो की जे घडले ते कंपनीला कळले पाहिजे. त्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, त्यासाठीच मी या दुकानाची शिफारस करतो. ज्याच्यावर राग आहे तो साहेब वर्ष-दोन वर्षांत बदलून जाईल, पण हे पत्र तुमच्या पर्सनल फाइलीत राहील. पुढची एखादी कंपनी पडताळणीसाठी मेल पाठवील, तेव्हा ती फाइल उघडणाऱ्या एचआरच्या माणसाला ना तुमची प्रेस माहीत असेल ना ती रात्र. त्याच्यासमोर फक्त तीन शब्द येतील आणि ते तुमच्याविषयी बोलतील.

त्या संध्याकाळी तयार झालेले पत्र सात ओळींचे होते. त्यात तारीख, पद, कर्मचारी क्रमांक, राजीनाम्याचा स्पष्ट उल्लेख, नोटीस पिरियड धरून कामाचा शेवटचा दिवस, कामाचे हस्तांतर कोणाकडे करायचे ते लेखी कळवण्याची विनंती, आणि रिलिव्हिंग लेटर व अनुभव प्रमाणपत्राची मागणी एवढेच होते. कारण लिहिलेले नव्हते. शेवटी आभाराचे वाक्य घालायला माझी अजिबात तयारी नव्हती. काकांनी आग्रह केला नाही, पण या सहा वर्षांत तिथे खरोखर काय मिळाले ते सांगा, असे म्हणाले. विचार केल्यावर मला कबूल करावे लागले की आयटीआयनंतर मी पीएलसी शिकलो तो त्याच कारखान्याच्या मशीनवर. ‘या मशीनवर काम करायला आणि शिकायला मिळाले याबद्दल आभारी आहे’ असे वाक्य आम्ही घातले. ते खरे होते, त्यामुळे त्याखाली सही करताना मन आखडले नाही.

दुकानाची दुसरी मोठी बाजू म्हणजे पोच. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती काढल्याशिवाय काका पैसे घेत नाहीत. एक कंपनीत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची, आणि त्याच दिवशी शिक्क्याच्या प्रतीचा फोटो जोडून एचआरला मेल करायचा. मला हे तेव्हा अतिरेकी वाटले होते. पुढे फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अखेरच्या, हिशेबात माझा नोटीस पिरियड आठ दिवस उशिरा सुरू झाल्याचे धरून तेवढा पगार कापलेला दिसला, तेव्हा शिक्क्याची प्रत जोडून मी दोन ओळींचा मेल केला. वाद घालावा लागला नाही. कापलेली रक्कम पुढच्या पंधरवड्यात जमा झाली.

हस्तांतराच्या यादीबाबत मात्र काकांचे ऐकायचे नाही हे मी ठरवले आणि ते बरोबर ठरले. त्यांना ती यादीही एका पानात बसवायची होती. पॅनलची ड्रॉइंग कुठे आहेत, कोणत्या मशीनचा बॅकअप कोणत्या फोल्डरमध्ये आणि किती तारखेचा आहे, कोणत्या ड्राइव्हचे पॅरामीटर बदललेले आहेत, कोणत्या पीएलसीच्या बॅटरी कधी बदलायच्या, हे सगळे मी अकरा पानांत लिहिले. पासवर्ड कागदावर न लिहिता नव्या सहकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवले आणि ‘मिळाले’ अशी त्याची सही घेतली. माझ्या लॅपटॉपवर राहिलेले प्रोग्राम काढून टाकले आणि तसे मेलने कळवले, कारण ते प्रोग्राम मी लिहिलेले असले तरी कंपनीचे होते. तांत्रिक माणसाची शिस्त इथे दिसते, आणि यादी टाइप करून देण्यापलीकडे दुकान यात काही करू शकत नाही.

खरी परीक्षा नोकरी सोडल्यानंतर झाली. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकरा वाजता जुन्या साहेबांचा फोन आला, लाइन बंद आहे, लगेच या. दुसऱ्या रात्री पुन्हा. मी पहिल्यांदा फोनवर सांगितले, दुसऱ्यांदा उचलला नाही आणि सकाळी चडफडत दुकानात गेलो. तिथे तयार झालेल्या मेलचा आशय असा होता: ‘आपण सांगितलेल्या दोषाची माहिती हस्तांतराच्या यादीत पान ७ वर आहे, ते पान सोबत जोडले आहे. या महिन्याच्या अखेरपर्यंत प्रश्न मेलने पाठवल्यास सुट्टीच्या दिवशी उत्तर देईन. प्रत्यक्ष येऊन काम करायचे असल्यास माझ्या सध्याच्या कंपनीची परवानगी आणि आपली लेखी ऑर्डर लागेल.’ या मजकुरात कुठेही टोमणा नाही, नकारही नाही, आणि तरी रात्रीचे फोन थांबले. नंतर त्यांच्याकडून तीन प्रश्न मेलने आले, तिन्हींची उत्तरे मी दिली. पाच वर्षांत ज्या माणसाने मला कधी नीट विचारले नव्हते, त्याच्या तिसऱ्या मेलच्या शेवटी ‘धन्यवाद’ होते. त्याने मला बरे वाटले, हे लपवत नाही.

पैशांच्या कागदांत काकांचा हात चांगला आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यांनी पाठीमागच्या कोऱ्या पानावर करून दाखवला: शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये, भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६, म्हणजे ६३,००० रुपये. सहा महिन्यांपेक्षा कमी असल्याने वरचे चार महिने धरता येत नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी होती, म्हणून अर्ज वेळेत दिला आणि त्याचीही पोच घेतली. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरलेली नव्हती. जानेवारी २०२० पासून ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटावे लागतात आणि तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच असावी लागते. यूएएनच्या (निधीच्या सदस्याच्या कायम क्रमांकाच्या) पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ हा पर्याय आहे. रिलिव्हिंग लेटरवरची तारीख आणि ही तारीख एकच ठेवा, हा काकांचा सल्ला योग्य आहे.

आता त्रुटी. त्यांचे इंग्रजी जुन्या वळणाचे आहे. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’ अशी सुरुवात आजच्या एचआरला विचित्र वाटते, ती बदलून घ्यावी लागते. दुकान दहा बाय बारा फुटांचे, रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला तुमचा सगळा मजकूर ऐकू जातो, आणि तो माणूस तुमच्याच कारखान्यातला असू शकतो. माझ्या बाबतीत एकदा तसे झाले आणि राजीनामा देण्याआधीच ती बातमी शॉप फ्लोअरवर पोहोचली. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की ग्राहकांच्या फाइली एकाच संगणकाच्या डेस्कटॉपवर पडून असतात आणि यूएएनचे पासवर्ड वहीत लिहिलेले दिसतात. काकांची नियत स्वच्छ आहे, परंतु ही पद्धत धोक्याची आहे आणि मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले आहे.

दर माफक आहेत: टायपिंग पानाला ३० रुपये, प्रिंट ५ रुपये, सल्ल्याचे काही नाही. शिफ्ट सुटण्याच्या वेळी गर्दी असते, दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान जावे. स्वतःचा पेन ड्राइव्ह न्यावा, ओटीपी आणि पासवर्ड आपल्याच हाताने टाकावेत, आणि काम झाल्यावर फाइल आपल्यासमोर रिसायकल बिनमधूनसुद्धा काढून घ्यावी. काका त्याचा राग मानत नाहीत.