जुनी कम्बाइन रंधा मशीन आणि सोबत आलेलं पोतं: काही महिने वापरल्यानंतर

आधी मशीनचं सांगतो, कारण विचारणारे तेच विचारतात. १२ इंची रंधा, खाली थिकनेस (फळी एकसारख्या जाडीची करणारा भाग), एका अंगाला गोल करवत आणि रंध्याच्या शाफ्टच्या टोकाला चक लावून भोक पाडायचं टेबल, अशी ही बिडाची जुनी कम्बाइन. खानापूर तालुक्यात एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून बेळगावला आणली. मोटरीसकट ५५,००० रुपये, टेम्पोभाडं वेगळं. दसऱ्याला पूजा करून चालू केली, तेव्हापासून सागवान, फणस, मत्ती (ऐन) सगळं तिच्यावरून गेलंय. टेबलं सरळ आहेत, वजनामुळे मशीन जागची हलत नाही. बेअरिंगं आल्याआल्या बदलली. थिकनेसचे रोलर ओल्या लाकडावर घसरतात आणि उंचीच्या चाकाला थोडा ढिलेपणा आहे, एवढ्या दोन तक्रारी. याच पैशात तेव्हा पत्र्याची नवी मशीन मिळत होती, पण मी परत हीच घेईन.

खरं लिहायचंय ते पोत्याबद्दल. जुनी मशीन घेतली की एक पोतं येतंच. पाने, नट, पुल्या, गंजलेल्या पट्ट्या, कुठे लागतात याचा पत्ता नाही. विकणारे काका म्हणाले, “मोडीत घाला की ते. त्याच्याशिवायच चालतंय मशीन इतकी वर्षं.” तेच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ज्याच्याशिवाय मशीन चालते ते सामान पोत्यात जातं, म्हणजे पोतं ही आधीच्या मालकाने काय काय काढून टाकलं त्याची यादीच झाली. आणि कारखान्यात पहिलं काय काढतात ते सगळ्यांना माहीत आहे: सुरक्षेचं सामान.

सगळं सामान डिझेलमध्ये भिजवलं, तारेच्या ब्रशने घासलं. पण चकचकीत करायचं नाही. कुठे रंग शिल्लक आहे, कुठे लोखंड घासून गुळगुळीत झालंय, कुठे पान्याचे ओरखडे आहेत, हे पुसलं गेलं की तो पार्ट मुका झाला.

मग आट्यांवरून वाटणी केली. पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर ओळखायच्या दातेरी पट्ट्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि या कामात व्हर्निअरपेक्षा जास्त उपयोगी पडतो. माझ्या मशीनचे सगळे मूळ बोल्ट व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचे आहेत: अर्ध्या इंचाला इंचात १२ आटे, तीन अष्टमांशाला १६. त्यामुळे १.५ आणि १.७५ मिमी पिचचे बोल्ट लगेच बाजूला काढता आले. ते मागाहून कोणीतरी घातलेले किंवा भलत्याच मशीनचे. एक जाड नट कुठेच बसेना. उलटे आटे निघाले, म्हणजे करवतीच्या शाफ्टचा. सध्या शाफ्टवर असलेल्या नटाच्या कडा पान्याने गोल झाल्या होत्या, म्हणून हा मूळचा परत चढवला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवलं की हा नट सुटतो. घट्ट करताना पान्यावर लटकायची गरज नसते.

आता दोन जाड चकत्या. पाहिल्यावर साध्या वायसर वाटतात. व्हर्निअर लावला तर एकीकडे जाड, समोर पातळ. या डगमग वायसर. दोन्हीमध्ये ब्लेड धरलं की ते तिरकं बसतं आणि फिरताना डुलत कापतं, म्हणजे एकाच फेरीत रुंद खाच पडते. दाराच्या चौकटीत दिलं (मधली फळी) बसवायला अशी खाच लागते. माझ्याकडच्या चकत्या आतल्या बाजूने आरशासारख्या झाल्या आहेत. म्हणजे त्या माणसाने दारांचं भरपूर काम केलंय.

त्याच पोत्यात चंद्रकोरीसारखी वाकलेली एक पोलादी पाती होती, खाली बोल्टची लांब खाच. तिच्यावर कारखान्यातला हिरवा रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. ही करवतीच्या मागे उभी राहते ती पाती, रायव्हिंग नाईफ. दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या आणि उलगडा झाला. ही पाती ब्लेडपेक्षा उंच उभी राहते, त्यामुळे तिच्यासकट खाच मारता येत नाही. खाचांचं काम जास्त, म्हणून पाती पहिल्याच आठवड्यात निघाली असणार आणि परत बसवली नाही.

ती याच मशीनची आहे का, हे पाहायला तिची आतली कमान कागदावर उतरवली. कमानीवर दोन जीवा काढल्या, त्यांचे लंबदुभाजक जिथे मिळाले तिथून माप घेतलं. त्रिज्या १५८ मिमी. १२ इंची ब्लेडची त्रिज्या साधारण १५२, वर ६ मिमीची फट. ही फट ८ मिमीच्या आत असायला लागते, तेव्हा जुळलं. दुसरं माप जाडीचं. पाती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा पातळ हवी. माझ्या ब्लेडचा पत्रा २.२, काप ३.२, पाती २.५. नववीची भूमिती इतक्या वर्षांनी कामाला आली.

बसवल्यावर फरक मत्तीच्या फळ्या चिरताना कळला. या लाकडात ताण असतो, चिरलं की मागे फट मिटते, ब्लेडच्या मागच्या दातांना लाकूड चिकटतं आणि उसळून अंगावर येतं. आता फट पातीवर मिटते, ब्लेडवर नाही. खाच मारायची असेल तेव्हा पाती काढतो, पण एक पाना, एक बोल्ट, काम झालं की परत जागेवर. डगमग वायसर मी वापरत नाही. खाचेचा तळ सपाट येत नाही आणि ते डुलणारं ब्लेड मला बघवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला एका बिडाच्या हाताने. एका टोकाला दोन भोकं, दुसऱ्या टोकाला आडवं आरपार भोक आणि त्यावर दोन पंखांचा, हाताने आवळायचा स्क्रू. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्या अण्णाला दाखवला, तो म्हणाला, “इदु बेरे मशीनदु.” दुसऱ्या मशीनचं. पण तीन अष्टमांशचे बोल्ट त्यात बरोबर बसत होते, म्हणून टाकवेना. एके दिवशी रंध्याच्या टेबलाची कड पुसताना रंगाखाली दोन खळगे जाणवले. सुईने उकरलं तर भुसा आणि रंगाने बुजलेली आट्याची भोकं. दोन भोकांतलं अंतर ७० मिमी, हातावरही ७०. कटर ब्लॉकवर (रंध्याची पाती बसवलेल्या फिरत्या रुळावर) आडवं झाकण धरणारा तो हात होता. झाकण कधीच मोडीत गेलेलं. अॅल्युमिनियमची पट्टी आणि एक रॉड घेऊन अण्णाकडूनच नवीन करून घेतलं, त्याने मजुरी नावापुरती घेतली. लाकूड त्याच्याखालून सरकतं, बोटं वरून जातात. आमच्याकडे जुन्या मेस्त्रींना नमस्कार करताना हाताकडे लक्ष गेलं की रंध्याचं झाकण कशाला हवं ते कोणी सांगावं लागत नाही.

पुलीचं थोडक्यात. मोटर १४४० आरपीएमची, करवतीला २८८० मिळायला मोटरीवरची पुली करवतीच्या पुलीच्या दुप्पट व्यासाची लागते. तशी ती होती, पण मत्ती चिरताना पट्टा किंचाळायचा. पुलीच्या खाचेत पाहिलं तर तळ चकचकीत. व्ही पट्ट्याने बाजू धरायच्या असतात. तळ चमकतोय म्हणजे खाच झिजून पट्टा तळाला टेकतोय. पोत्यात त्याच व्यासाची दुसरी पुली होती, खाच वर १७ मिमी, म्हणजे बी मापाच्या व्ही पट्ट्याची, बाजू चमकदार, तळाला जुना गंज. शाफ्टच्या बाजूलाही बी पुली घ्यावी लागली, पण आवाज गेला.

सगळंच या मशीनचं नव्हतं हेही खरं. बाजूला चीर असलेल्या तीन पोलादी बुश निघाल्या, आतून पाच अष्टमांश आणि पाऊण इंच. चौकोनी भोक पाडायच्या पोकळ पटाशीचा दांडा धरायच्या त्या बुश, आणि माझ्या टेबलावर पोकळ पटाशी बसतच नाही. काकांना फोन केला तेव्हा आठवलं, “होय की, उभी मशीन होती एक, निपाणीला दिली.” बुश गेल्या महिन्यात निपाणीला पाठवल्या. तिकडचा मेस्त्री इतके दिवस दांड्याला पत्रा गुंडाळून पटाशी आवळत होता.