तीन डबे अन् मधात कूलर

नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर जुनं, भिंती हातभर जाड. सीताबर्डीवरून तीन डब्यांचा मेश वायफाय संच आणला, म्हणजे एक डबा दुसऱ्याला सिग्नल देत घरभर वायफाय पोचवतो. कनेक्शन 200 एमबीपीएसचं. बैठकीत पूर्ण मिळतं. मागच्या खोलीत मोबाईलवर कांड्या फुल्ल, वेग मात्र 40!

दुकानदार म्हणाले, "डबा चांगला आहे भाऊ, डब्या-डब्यातली वाट अरुंद आहे." खरंच होतं. मधला डबा एकाच रेडिओवर ऐकतो अन् त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, म्हणून दर टप्प्याला वेग साधारण निम्मा. त्यात आमचा पत्र्याचा कूलर नेमका दोघांच्या मधात. पत्रा सिग्नल परतवतो, ओली खस उरलासुरला पिते. मे महिन्यात कूलर हलवू म्हटलं असतं तर मलाच घराबाहेर झोपावं लागलं असतं.

शेवटी डबे जोडायला गच्चीवरून कॅट-5ई नावाची नेटवर्क केबल ओढली. ती 100 मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएस, नेते. तरी मागे 94च. बघतो तर मुख्य डब्याला गिगाबिट पोर्ट (केबल खुपसायची खाच), बाकी दोघांना 100 एमबीपीएसचं. खोक्यावर मात्र वायफायचा वेग ठळक 1200!

व्हिडिओ कॉल आता अडकत नाही, रेंज झकास. पाचपैकी तीन तारे. घ्यायचाच असेल तर तिन्ही डब्यांच्या पोर्टचा वेग विचारून घ्या, अन् केबलचा खर्च धरूनच किंमत करा.