‘तुम्हाला काही विचारायचंय?’ आणि मी ‘नाही’ म्हटलं

गोव्यात कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसच्या जागेसाठी मुलाखत होती. सगळी उत्तरं नीट दिली. शेवटी साहेबांनी विचारलं, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ मी म्हटलं, ‘नाही सर.’ जास्त चौकशी केली तर हातची नोकरी जाईल, ही भीती. डिचोली-सत्तरीकडच्या आम्हा मुलींना घरूनच सांगून पाठवतात, आगाऊपणा करू नको.

पगार ठरला १८,०००. पहिल्या महिन्यात हातात आले १४,८००. माझा पीएफ १,२००, कंपनीच्या वाट्याचे १,२०० तेही याच रकमेतून, जेवण आणि युनिफॉर्मचे ८००. ‘१८,००० म्हणजे सीटीसी होती,’ म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, असं उत्तर मिळालं. हातात नेमके किती येणार, एवढं एक वाक्य मुलाखतीत विचारलं असतं तर!

नेमणूकपत्र मागितलं की ‘हेड ऑफिसहून येतंय’. पगाराची स्लिप कधीच नाही. बँकेत पैसे जमा झाले की मी आकडा बघायची, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मे संपता संपता सांगण्यात आलं, ‘सीझन संपला, ऑक्टोबरात फोन करू.’ भांडायला गेले तर हॉटेलवाले म्हणाले, तुम्ही आमच्या नाहीच, ठेकेदाराच्या. पासबुक उघडून पाहिलं. आठही महिने एका अनोळखी एजन्सीचं नाव.

मग पीएफ तरी काढू म्हटलं, तर माझ्या नावाचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांकच नव्हता. माझ्या वाट्याचे म्हणून कापलेले ९,६०० रुपये कुठेच भरलेले नव्हते. पगारातून कापून पीएफ न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे. पण तक्रार द्यायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, कापल्याचा पुरावा काय? माझ्याकडे स्लिप नव्हती.

म्हणून कळकळीने सांगते, मुलाखतीतच विचारा. नेमणूकपत्र कोणाच्या नावाने निघणार, हॉटेलच्या की ठेकेदाराच्या? कामावर येण्याआधी ते हातात मिळेल का? किनारपट्टीवर काम असेल तर जून ते सप्टेंबर पगार पूर्ण, अर्धा की बंद, हे आधी विचारा. सीझनचं हॉटेल असणं गैर नाही, लपवणं गैर आहे. पीएफ कापणार म्हणाले तर यूएएन कधी मिळेल ते विचारा. एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, तेव्हा दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून पाहा. मी आठ महिने थांबले. आणि मूळ प्रमाणपत्रं मागितली तर फक्त झेरॉक्स द्या. माझ्याबरोबरच्या एकीची अजून तिथेच अडकली आहेत.

पणजीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही आम्ही तिघींनी अर्ज दिला आहे. सोबत बँकेची स्टेटमेंट्स, ड्युटी चार्टचे मोबाइलवरचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे सुपरवायझरचे मेसेज जोडलेत. असे मेसेज तुमच्याकडेही असतील तर पुसू नका.